कर्नलसाहेबांची एन्ट्री

रविवार, ४ जानेवारी २०२६

लग्नाच्या कार्यक्रमाची एजन्सी ठरली. खरं म्हणजे साकेतने आधीच ठरवली होती. मी आज त्याच्याबरोबर जाऊन फक्त पाहिली.

करोल बागेत गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे, साकेतच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आत एक गुलाबी सोफा, थर्माकोलचे हत्ती आणि मालक. मालकाचं नाव रिंकू. पन्नाशीचा माणूस, केस काळे केलेले. सगळे त्याला रिंकू भाई म्हणतात. मी रिंकूजी म्हटलं. त्याला ते आवडलं नाही, हे दिसलं.

"मैम, आप ही ब्राइड हो और आप ही मीटिंग में आए हो? पापा, चाचा, कोई नहीं?"

"नहीं. जो पूछना है मुझसे पूछिए."

लग्न बावीस फेब्रुवारीला, संगीत आदल्या संध्याकाळी. आमच्यात संगीत नसतं. आईला ते समजावताना बराच वेळ गेला. "गाणं कोण म्हणणार?" तिने विचारलं. कुणीच नाही, सगळे नाचतात, असं सांगितल्यावर म्हणाली, "सगळे म्हंजे आपणबी?" मी हो म्हटलं. मग ती मेथी निवडत राहिली.

रिंकूने कार्यक्रम समजावला. निवेदिका असेल, मागे मोठा पडदा असेल, आणि सुरुवातीला दोन्ही घरांची 'फॅमिली इंट्रो': एकेका वडीलधाऱ्याचं नाव पुकारायचं, त्यावर दोन ओळी, प्रकाशझोत, धूर, गाणं आणि चालत स्टेजवर. त्याने मागच्या महिन्यातल्या एका लग्नाचा व्हिडिओ दाखवला. मुलीचे वडील कर्नल होते. त्यांना उघड्या जीपमधून स्टेजपर्यंत आणलं होतं. जीपची कल्पना स्वतःची, असं त्याने दोनदा सांगितलं.

मग आमच्या घराची माहिती विचारली. मी सांगितली. वडील धोंडीराम इंगवले, आर्मीतून हवालदार म्हणून निवृत्त, सध्या द्वारकेत एका सोसायटीत सुरक्षा सुपरवायझर. आई कृष्णाबाई. गाव सातारा जिल्ह्यात, राहायला पालम.

रिंकूने लिहिता लिहिता थांबून साकेतकडे पाहिलं. साकेत फोनमध्ये होता.

"फौजी," रिंकू म्हणाला. "बढ़िया. फौजी पे बहुत कुछ बन सकता है."

मला हा माणूस विश्वासाचा वाटत नाही. साकेतचं म्हणणं, मला पहिल्या भेटीत कुणीच वाटत नाही. ते खरं आहे. माझं काम चिप तपासण्याचं: दुसऱ्याने केलेलं डिझाइन ठरलेल्या वर्णनाशी जुळतं का ते पाहायचं, जुळत नसेल तर परत पाठवायचं. साकेत आमच्याच कंपनीत विक्रीत आहे. त्याला माणसं सांभाळता येतात, मला येत नाहीत. त्यामुळे जोडी बरी आहे, असं दोघांचंही मत आहे.

ऑफिसात मी घरच्यांविषयी फारसं बोलत नाही. वडील आर्मीत होते, एवढं सांगते. नोएडातल्या मुलांना तेवढं पुरतं. पुढे कुणी विचारत नाही.

रविवार, ११ जानेवारी

साकेतकडे जेवण. त्याची आई शालिनी आंटी, मामाजी आणि आम्ही तिघं. साकेतचे वडील नाहीत. घरचं दुकान मामाजी बघतात.

बाबा ब्लेझर न घालता आले. थंडी कडाक्याची आणि कुठेही जायचं तर ते पलटणीचा बिल्ला असलेला ब्लेझर घालतात, अगदी गॅसच्या ऑफिसातसुद्धा. विचारलं तर म्हणाले, "इस्त्री न्हवती." इस्त्री होती. मी वाद घातला नाही.

मामाजी दारातच म्हणाले, "आइए साहब, आइए," आणि बाबांना हाताला धरून सोफ्याच्या मधोमध बसवलं. मला हा आदर अति वाटला. शालिनी आंटी त्यांच्या ताटात सारखं काहीतरी वाढत होत्या आणि आईला "आप बस बैठिए जी" म्हणून हलू देत नव्हत्या. माणसं इतकी गोड वागतात तेव्हा त्यांना काहीतरी झाकायचं असतं.

मामाजी म्हणाले, "ऑफिसर्स मेस के खाने की तो बात ही अलग होती होगी."

बाबा म्हणाले, "जी सर. खाना अच्छा होता था."

उत्तर बरोबर आहे. बाबांची एक वर्ष मेसमध्ये ड्यूटी होती. पण त्यांनी मामाजींना सर म्हणायची गरज नव्हती. मामाजी सीट कव्हर विकतात.

परतताना मेट्रोत बाबा काहीच बोलले नाहीत. आईला विचारलं, त्यांना काही लागलं का तिथे. ती म्हणाली, "जेवण तिखट न्हवतं, सवय न्हाई त्यांना."

बुधवार, १४ जानेवारी

निवेदनाचा पहिला मसुदा आला. त्यात बाबा असे: "रिटायर्ड कर्नल डी. आर. इंगवले, जिनकी एक आवाज़ पे सरहद काँपती थी."

सरळ दिसतंय. मागच्या महिन्याच्या कर्नलची फाइल उघडून त्यात आमची नावं घातली. जीप तेवढी काढली. मी चुका दाखवून परत पाठवला: कर्नल नाही, हवालदार, डी. आर. नाही, धोंडीराम; सरहद्द कापण्याचं वाक्य वगळणे; आईचं नाव कृष्णा नाही, कृष्णाबाई.

रिंकूचा फोन आला. "मैम, आपने तो पूरा लाल कर दिया."

"जितना ग़लत था उतना ही."

"मैम, शादी है, इम्तिहान नहीं."

"रिंकूजी, मेरे पिताजी कर्नल नहीं थे. इतना ही लिखना है. मुश्किल नहीं है."

"नहीं मैम, मुश्किल कहाँ. बिल्कुल." मग थोडं थांबून, "साकेत सर ने देख लिया ये?"

"मैंने देखा है. काफ़ी है."

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. मी बोलले नाही.

मंगळवार, २० जानेवारी

दुसरा मसुदा. आईचं नाव दुरुस्त झालंय, सरहद्द गेलीय. कर्नल तसाच आहे.

याचा अर्थ दुरुस्त्या पोचल्या, फाइल उघडली, बाकी सगळं बदललं आणि नेमकं हेच ठेवलं. मी फोन केला.

"मैम, आप ही सोचो," रिंकू म्हणाला, "माइक पे हवलदार बोलेंगे तो पब्लिक को चौराहेवाला याद आएगा. सीटी बजाता हुआ. आपको अच्छा लगेगा?"

"मुझे सही लगेगा."

"सही और अच्छे में फ़र्क होता है मैम. मेरा धंधा अच्छे का है."

मी त्याला सांगितलं की हा शब्द पुन्हा आला तर मी दुसरी एजन्सी बघेन. तो म्हणाला, "आप दोनों आपस में बात कर लो मैम, फिर मुझे एक बार में बता दो." याचा काय संबंध ते कळलं नाही. काम टाळणारी माणसं नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे करतात.

ऑफिसात हेच मी नव्या मुलांना शिकवते: दोष पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर तो निष्काळजीपणा नसतो, तिथे कुणीतरी तसं लिहिलेलं असतं. रिंकूच्या बाबतीत मात्र मला निष्काळजीपणाच पुरेसा वाटतो.

साकेतला सगळं सांगितलं. तो हसला. "तू छोड़ यार. तू बात करती है तो वो डर जाता है. एजन्सी मैं सँभालता हूँ, तू साड़ियाँ देख." मला हायसं वाटलं. माझ्या बाजूने भांडायला कुणी पुढे आलं की मला काय करावं कळत नाही, पण आज बरं वाटलं. साकेत समजूतदार आहे.

सोमवार, २६ जानेवारी

सुटी. बाबा टीव्हीवर परेड बघत होते, खुर्चीत न टेकता, नेहमीसारखे ताठ बसून. मधेच त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. काचेतून ऐकू आलं: "जी सर. जी. आपको भी. नहीं नहीं सर, मैं क्या."

कुणाचा फोन, विचारलं.

"राँग नंबर."

"राँग नंबरशी एवढं बोलता?"

"त्यानं शुभेच्छा दिल्या. आपणबी दिल्या."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, बाबांकडे पाहिलं आणि परत गेली. या घरात मला न सांगता काहीतरी ठरतंय. बहुतेक दागिन्यांचं असेल.

शनिवार, ३१ जानेवारी

तालीम. राजौरी गार्डनला तळघरातला हॉल, भिंतभर आरसे.

रिंकूने 'मराठी आयटम' बसवलाय. सहा मुली, पोपटी रंगाच्या नऊवारी, त्याही चेन लावून वर चढवायच्या. आईने एका मुलीच्या नाकाकडे बघून मला विचारलं, "नथ हाय का तोरण?" त्या मुलीने आईला नमस्कार केला आणि विचारलं, "आंटी, ठीक लग रहा है ना?" आई म्हणाली, "अच्छा है बेटा, सिर्फ़ साँस लेने को जगा रखो." सगळ्या मुली हसल्या. दिवसभरात तेवढीच एक बरी गोष्ट झाली.

बसण्याची व्यवस्था ठरली. मला वाटलं होतं पुढे दोन्हीकडची मोठी माणसं बसतील. साकेतने पुढच्या रांगा ऑफिसच्या साहेब लोकांना दिल्यात. त्याचा बॉस, बॉसचा बॉस, दोन मोठी गिऱ्हाइकं. "नेटवर्किंग नहीं है यार, इज़्ज़त की बात है," असं तो मी काही विचारायच्या आधीच म्हणाला.

मग निवेदिकेने एकदा सगळं वाचून दाखवलं. "और अब लड़की के पापा, कर्नल साहब..." आणि थांबून साकेतकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हवलदार."

"सॉरी मैम. मेरे पास तो यही आया है."

"किससे आया है?"

"ऑफिस से, मैम."

रिंकू कोपऱ्यात स्पीकरच्या वायरी बघण्यात गुंतला होता. साकेत म्हणाला, "प्रैक्टिस है यार, उस दिन ठीक बोल देगी." मी सगळ्यांसमोर रिंकूला सांगितलं की तुमच्या ऑफिसात कुणालाच वाचता येत नाही असं दिसतं. त्याचा चेहरा पडला. तो पुन्हा वायरींकडे वळला. आधीच्यासारखं बोलला असता तर मला आवडलं असतं.

बाबा आले नाहीत. एकाही तालमीला आलेले नाहीत; दर वेळी ड्यूटी. आज आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांना बोलावू नगंस. त्या दिवशी येतील, उभं राहतील, बास."

रविवार, ८ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर घोटाळा होणार नाही.

सकाळी रिंकू घरी आला, पालमला, स्वतः. हातात सुटाचं लांब कव्हर. म्हणाला, अंकलचं फिटिंग बघायचंय. मला वाटलं, बंदगळा असेल. बाबा पेपर वाचत होते. आईने चहा टाकला.

रिंकूने कव्हरची चेन उघडली. आत युनिफॉर्म होता. ऑलिव्ह ग्रीन, कॉलरवर लाल पट्ट्या, खांद्यावर अशोकस्तंभ आणि दोन तारे, छातीवर पदकांची ओळ. वेगळ्या पिशवीत टोपी.

बाबा उभे राहिले. त्यांनी ठरवून केलं नसावं. कपड्यांसमोर उभे राहिले.

मग बाबा रिंकूला म्हणाले, "इसको ढक दीजिए."

"अंकल, एक बार डाल के तो देखो. नाप साकेत सर ने आपका ही दिया है. स्मोक के बीच से निकलोगे ना, पूरा हॉल खड़ा हो जाएगा."

"ये मैं नहीं पहनूँगा. ये जिसका है उसको वापस दे दो."

"अंकल, किराये का है. किसी का नहीं है."

"किसी का तो है," बाबा म्हणाले.

मी रिंकूला बाहेर जिन्यावर नेलं. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य, तुम्ही माझ्या वडिलांना बहुरूपी समजता का, असं होतं. त्याने ऐकून घेतलं, कव्हर एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

"मैम, अब मैं बोलूँ? जितनी बार आपने हवलदार किया, उतनी बार साकेत सर का फोन आया कि कर्नल करो. वर्दी भी उन्हीं ने बोली. बुकिंग उनके नाम पे है. आप मुझे अनपढ़ बोल गईं पूरे स्टाफ के सामने. मैंने सुन लिया. मियाँ-बीवी के बीच में बोलना मेरे धंधे में नहीं चलता."

"हम अभी मियाँ-बीवी नहीं हैं."

"जी. वही."

वर आले तेव्हा बाबा बसले होते आणि चहा घेत होते. आईने चौथा कप ओतून ठेवला होता, रिंकूसाठी. तो तसाच होता.

बाबांनी न विचारता सांगितलं. नोव्हेंबरात साकेत एकटा द्वारकेला सोसायटीच्या गेटवर आला होता. गाडी लांब लावून चालत आला. बाबांना म्हणाला, पापा, माझ्या घरचे जुन्या विचारांचे आहेत, त्यांना मी थोडं वेगळं सांगितलंय. तुम्ही खोटं बोलू नका, फक्त कुणी काही म्हणालं तर दुरुस्त करू नका.

"मी म्हणलं, बोलणार न्हाई. गप बसायला काय लागतंय."

"आणि सव्वीस तारखेचा फोन?"

"त्याचे मामा. कर्नलसाब, जय हिंद, म्हणाले." बाबांनी कप खाली ठेवला. "मी शब्द दिला तो गप बसायचा. कापडं घालायचा न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

यावर आई म्हणाली, "तुला आवडलाय न्हवं तो."

मी आत आले आणि हे लिहायला घेतलं. बाबा चाळीस वर्षांपूर्वी भरती झाले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा हुद्दा चुकीचा ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. बँकेतला कारकून त्यांना सुभेदार म्हणाला तर काउंटरवरच दुरुस्त करतात. मग त्या फोनवर मामाजींना...

पुढे लिहायचं नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

साकेतशी कॅन्टीनमध्ये बोलले. मुद्दे लिहून नेले होते. उपयोग झाला नाही.

तो आधी म्हणाला, सरप्राइज होतं. मग म्हणाला, शालिनी आंटींना धक्का बसेल, त्यांनी नातेवाइकांत सांगून ठेवलंय, मामाजींनी तर सगळ्या गल्लीत. "मम्मी टूट जाएगी यार. तू उनको जानती नहीं." मी म्हटलं, मग मी जाऊन त्यांना सांगते. तर त्याचा आवाज बदलला.

"तूने खुद यहाँ किसको बताया है? चार साल में? सबको लगता है तू ऑफिसर की बेटी है. तूने कभी रोका?"

"मैंने कभी कर्नल नहीं कहा."

"कहा नहीं. रोका भी नहीं. अंकल ने भी तो बस वही किया. तो मैंने ऐसा क्या अलग कर दिया?"

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. फरक आहे. मी गप्प राहिले तेव्हा त्यात फक्त मी होते. त्याने दुसऱ्याला गप्प बसवलं. पण हे मला आत्ता, घरी आल्यावर सुचतंय, आणि ते पूर्ण बरोबर आहे याची खात्रीही नाही.

तो शेवटी म्हणाला, "रस्मू, दस मिनट की एन्ट्री है. उसके बाद सारी ज़िंदगी कोई नहीं पूछेगा." मला रस्मू म्हटलेलं आवडत नाही, हे मी त्याला आधीही सांगितलेलं आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी

शालिनी आंटींनी आम्हाला बोलावलं होतं, लग्नाच्या देवाणघेवाणीचं बोलायला. मी जाताना बाबांना सांगितलं की मी आज तिथे सगळं सांगणार. ते म्हणाले, "मी गप बसणार. शब्द दिलाय. तू काय करायचं ते तू बघ." आई घरी राहिली. तिला नको होतं ऐकायला.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. या बाईने माझ्या वडिलांना सोफ्याच्या मधोमध बसवून, ताट भरभरून, दर घासाला एक खोटा तारा त्यांच्या खांद्यावर लावला, असं मी मनाशी धरलं होतं. मामाजींविषयी याहून वाईट.

चहा आला. साकेत समोर बसला होता. मामाजी म्हणाले, "कर्नल साहब, मिठाई लीजिए."

मी म्हटलं, "मामाजी, मेरे पिताजी कर्नल नहीं थे. हवलदार थे. अब एक सोसायटी के गेट पर सुपरवाइज़र हैं. मुझे लगा आपको पता होना चाहिए."

मामाजींनी मिठाईचा डबा हळूच टेबलावर ठेवला. बाबांकडे पाहिलं, मग शालिनी आंटींकडे. दोघांनाही धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. दोघं अवघडले होते.

"हमें पता है बेटा," शालिनी आंटी म्हणाल्या.

मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ते कुठेच बसेना.

"साकेत ने शुरू में ही बता दिया था," त्या म्हणाल्या. "उसने कहा कि तुझे इस बात से तकलीफ़ होती है. कि तुम लोग चाहते हो कर्नल ही बोला जाए, ऑफिस के लोग आएँगे, तेरी बात रह जाए. हमने कहा, ठीक है, लड़की का मन है. मुझे तो बोलते हुए शर्म आती थी, भाईसाहब के मुँह पे. पर लगा, नहीं बोलेंगे तो आप लोग बुरा मानोगे."

मामाजी बाबांना म्हणाले, "मैं तो फोन पे भी बोल गया, छब्बीस को. रख के बड़ी देर बैठा रहा. कि यार, ये आदमी सुन कैसे लेता होगा."

बाबा गप्प होते. शब्द पाळत होते.

"हमारे बाऊजी इसी गली में रेहड़ी पे ट्यूब के पंचर लगाते थे," मामाजी म्हणाले. "हम किसको क्या दिखाएँगे, आप बताओ."

सगळ्यांनी साकेतकडे पाहिलं. तो रागावला नाही, रडला नाही, माफीही मागितली नाही. "ठीक है, सबने सच बोल लिया," एवढं म्हणाला आणि रिकामे कप उचलून आत गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. त्या घरात भांडी घासायला बाई येते.

दोन्ही बाजू सांगितल्याप्रमाणे चालत होत्या. इकडे माझ्यासाठी गप्प बसणं, तिकडे माझ्यासाठी खोटं बोलणं. दोष जोडणीत होता, आणि जोडणी साकेतची; कर्नल हवा होता तो त्याच्या पुढच्या रांगांसाठी. आणि मी महिनाभर रिंकूची फाइल तपासत बसले.

निघताना शालिनी आंटींनी माझा हात धरला. मी त्यांच्याशी कधीच नीट बोलले नव्हते हे त्या क्षणी लक्षात आलं, पण तेव्हा ते दुरुस्त करण्याची वेळ नव्हती. मामाजी बाबांबरोबर जिना उतरून खालपर्यंत आले. बाबांनी हात जोडले. मामाजींनी ते जोडलेले हात दोन्ही हातांनी धरले आणि म्हणाले, "हवलदार साहब, माफ़ करना." बाबा ताठ उभे राहिले. यावेळी सर म्हणाले नाहीत. "अच्छा भाईसाहब," म्हणाले.

तिथून मी एजन्सीत गेले. बाबा खाली थांबले. रिंकू एका मुलीला फुलांचा रंग समजावत होता. मला बघून त्याने तिला आत पाठवलं.

"कैंसल करना है," मी म्हटलं.

"संगीत, मैम, या..."

"आपका काम कैंसल करने आई हूँ. बाकी का आपसे संबंध नहीं."

"साकेत सर का फोन आना पड़ेगा."

"आ जाएगा." आणि मग, "उस दिन स्टाफ के सामने जो बोला, वो ग़लत आदमी को बोला."

त्याने मान हलवली. माफ केलं असं नाही, नोंद घेतली असं. "आप बोलती बहुत कड़वा हो मैम," तो म्हणाला. "पर एक ही बात बोलती हो, बार-बार. वो तो मानना पड़ेगा."

करोल बागच्या प्लॅटफॉर्मवर गर्दी होती. बाबांनी विचारलं, "त्याला काय सांगितलंस?"

"साकेतला? अजून काही नाही. तो आत होता."

"मग सांग." ते समोर रुळांकडे बघत होते. "उद्या-परवा करू नगंस. आपल्या घरात एकानं गप बसून झालंय. तेवढं बास झालं."

मी म्हटलं, घरी जाऊन करते. ते म्हणाले, "हितंच कर," आणि चालत प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी फोन लावला. साकेतने लगेच उचलला. आम्ही काय बोललो ते इथे लिहीत नाही; बावीस तारीख रद्द झाली, एवढंच. गाड्या येऊन गेल्या. बाबा वळले नाहीत.

घरी आल्यावर आईने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पानं घेतली. मी जेवले, नेहमीएवढं. मला काही झालेलं नाही.

भाजी कसली होती ते मात्र आठवत नाही.